सिंहाला दहा मिनिटं

आजोबांनी घड्याळाचा मनोरा सकाळी साडेनवाला ठेवला होता. नातीने तो दोन बोटांनी उचलला आणि सव्वाअकराला नेऊन ठेवला.

"नाश्ता झाल्याझाल्या कोणी मनोरे चढत नाही," ती म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर अख्खं शहर चिठ्ठ्यांच्या रूपाने पसरलेलं होतं. किल्ला, जुनं जकातघर, दोरखंडवाल्यांची गल्ली, धक्का, जेवण, आइस्क्रीम, पुन्हा आइस्क्रीम. नऊ वर्षांच्या या मुलीला घरात वकीलबाई म्हणत, कारण 'हो' एवढ्या उत्तरावर तिचं कधी भागत नसे; 'हो कशावरून' हा पुढचा प्रश्न ठरलेला. पुढच्या महिन्यात सगळं घर क्रूझला निघणार होतं आणि जहाज नेमकं त्याच जुन्या बंदरातून सुटणार होतं. एक दिवस आधी पोचायचं, शहर बघायचं, दुसऱ्या दिवशी जहाजात बसायचं, असं आजोबांच्या मुलाने ठरवलं होतं. गाइड घ्यायचा का, असं सूनबाईंनी विचारलं तेव्हा तो हसला होता.

"घरात कप्तान असताना गाइड कशाला? बाबा डोळे मिटून फिरवतील."

ते एका परीने खरंच होतं. उघड्या डोळ्यांनी आजोबांनी ते शहर कधी पाहिलंच नव्हतं.

चौतीस वर्षं ते बोट कंपनीच्या बुकिंग ऑफिसात खिडकीमागे बसले. पाठीमागच्या भिंतीवर त्या शहराचा पुरुषभर उंचीचा नकाशा होता, आणि त्याच्या जोरावर त्यांनी हजारो उतारूंना वाटा दाखवल्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटावर चढावं तरी लागतं. आजोबांना खुर्चीतून उठावंही लागत नसे. नकाशाची खालची लाकडी पट्टी शहराच्या दक्षिण टोकावर ठोकलेली होती. त्यामुळे आजोबांच्या शहराला दक्षिण बाजू नव्हती. कोणी चौकशी केलीच तर "तिकडे विशेष काही नाही" असं ते सांगत, आणि या बाबतीत तक्रार घेऊन कोणी परत आलं नाही.

पहिली थाप त्यांनी एका मुलीला मारली. ती मावशीचं तिकीट काढायला आली होती. सुटे पैसे पर्समध्ये टाकता टाकता तिने नकाशाकडे पाहिलं.

"तुम्ही पाहिलंय हे सगळं?"

"दोनदा," आजोबा म्हणाले. तेव्हा ते अर्थातच आजोबा नव्हते. चोवीस वर्षांचे होते आणि नवा शर्ट घालून बसले होते. एकदा म्हटलं असतं तर पुढेमागे निस्तरता आलं असतं. दोनदा जाऊन आलेल्या माणसाला विसरायचीही सोय राहत नाही. वर्षभरात त्या मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि तिच्याबरोबर ती थापही घरात नांदायला आली.

"आजोबा, लक्ष कुठे आहे? धक्क्यावरून मनोऱ्याकडे जाताना चढ आहे की उतार?"

"सपाट. रमतगमत पाच मिनिटं."

हे शब्द आजोबांना शोधावे लागले नाहीत. कंपनीच्या 'एका दिवसात शहर' या माहितीपत्रकात ते त्यांनीच लिहिले होते.

वकीलबाईने आईचा मोबाइल जवळ ओढला. थोडा वेळ बोटाने शहर वरखाली केलं.

"इथे पायऱ्या दिसताहेत. एकशे अडुसष्ट."

"नवीन केल्या असतील."

"चारशे वर्षांपूर्वीच्या आहेत."

आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. नकाशात चढ नसतो, ही साधी गोष्ट चौतीस वर्षांत आपल्या डोक्यात आली नाही, याचं त्यांना आधी नवल वाटलं आणि मग नवलाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. त्यांना खिडकीसमोरचे चेहरे आठवू लागले. काठी टेकत आलेले एक मास्तर. कडेवर एक आणि पोटात एक अशी बाई. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी घेतलेला नवरदेव. सगळ्यांना त्यांनी तोंडभर हसून सांगितलं होतं, रमतगमत पाच मिनिटं.

मुलगा पाणी प्यायला आत आला. त्याने टेबलावर नजर फिरवली.

"काय कप्तान, झाला का आराखडा?"

"चौकशी चालू आहे," वकीलबाई म्हणाली.

"चालू द्या," तो म्हणाला आणि ग्लास घेऊन बाहेर गेला. आजोबांना वाटलं, याला थांबवावं, बस म्हणावं, आणि एकदाचं सांगून टाकावं. पण पन्नास वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाच्या तोंडून एकाएकी शब्द फुटत नाहीत. त्यांनी किल्ल्याची चिठ्ठी उगाच सरळ केली.

"आणि सिंह किती वाजता ठेवू?" नातीने विचारलं.

"कुठला सिंह?"

"असं काय करता? तिथलं सगळ्यांत मोठं तेच तर आहे." तिने मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि शाळेत धडा वाचतात तसं वाचायला लागली. "धक्क्याच्या पायऱ्यांशी दोन दगडी सिंह बसले आहेत. जहाजात चढण्यापूर्वी डाव्या सिंहाचा डावा पंजा हाती धरावा, म्हणजे समुद्र त्रास देत नाही. खलाशांमध्ये ही प्रथा…"

"…शेकडो वर्षांपासून चालत आली आहे," आजोबा म्हणाले.

तिने मोबाइल खाली केला. "तुम्हाला पाठ आहे?"

पाठ असायला काय झालं. पत्रकाच्या तिसऱ्या पानावर तळाशी चार ओळींची जागा रिकामी राहिली होती. साहेबांना पगारवाढीचा अर्ज खपत नसे आणि रिकामी जागा तर अजिबात खपत नसे. छापखान्याचा माणूस जिन्यात उभा होता, समोर त्या दोन सिंहांचा फोटो पडलेला होता. टेबलावरचा चहा निवायच्या आत आजोबांनी शेकडो वर्षांची प्रथा तयार केली होती, ती चार ओळींत बसवली होती आणि वर अर्धी ओळ उरली म्हणून 'चालत' हा शब्द घातला होता. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ती गंमत म्हणून बायकोला वाचून दाखवली. अर्थात आपण रचली हे सांगता आलं नाही. दोनदा जाऊन आलेला माणूस प्रथा रचत नाही, बघून येतो.

"तुम्ही धरला होता पंजा?" बायकोने विचारलं होतं.

"दोन्ही वेळा," आजोबा म्हणाले होते.

"हा बघा फोटो," नात म्हणाली.

आजोबांनी चष्मा चढवला. धक्क्यावर रांग होती. टोप्या घातलेली माणसं, खांद्यावर बसलेली पोरं, छत्री धरलेल्या म्हाताऱ्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"मोठा कर जरा."

तिने दोन बोटांनी सिंह मोठा केला. उजवा सिंह जसाच्या तसा होता, नखं काढून, आयाळ पिंजारून बसलेला. त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. डाव्या सिंहाचा डावा पंजा सरत आलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. दोन बोटं गेलेलीच होती. तिसऱ्याचा नुसता उंचवटा राहिला होता. भोवती लोखंडी कठडा घातला होता आणि त्यावर सहा भाषांत, हात लावू नये अशी विनंती केलेली होती. एक गृहस्थ ती विनंती वाचत वाचत कठड्यावरून वाकले होते.

"चारशे वर्षं काही झालं नाही त्याला," नात म्हणाली. "गेल्या चाळीस वर्षांतच झिजलाय, असं लिहिलंय खाली. कोणी काढलं असेल हो हे?"

आजोबा त्या पंजाकडे बघत राहिले. शेजारी किल्ला होता, जकातघर होतं, दुपारचं जेवण होतं. सगळं वेळच्या वेळी, ओळीत.

"मी," ते म्हणाले.

"मी काय?"

"मी काढलं. पत्रकात जागा उरली होती."

वकीलबाईने मोबाइल पालथा ठेवला. खरं महत्त्वाचं काही असलं की ती असं करायची.

"म्हणजे तुम्ही दोनदा गेलात तेव्हा तिथे कोणी पंजा धरत नव्हतं?"

"मला काय माहीत? मी कधी गेलोच नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

त्यांना वाटलं होतं, ती हसेल किंवा बापाला हाक मारेल. तिने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ती हिशेब लावत होती. अशा वेळी ती जिभेचं टोक गालात घालून बसायची.

"मग आजीला दाखवलंत कसं?"

हा प्रश्न येणार हे आजोबांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. कोणीही विचारला असता असा हा प्रश्न आजवर कोणीच कसा काय विचारला नव्हता, कोण जाणे.

"दाखवलं नाही," ते म्हणाले. "कंपनी दर वर्षी दोन पास द्यायची. नवराबायकोचे. फुकट. दर वर्षी ती विचारायची, यंदा जाऊ या का."

"मग?"

"मग मी म्हणायचो, काय आहे तिथे? मी दोनदा बघितलंय. नुसता चढ. तुझे गुडघे राहायचे नाहीत."

आजोबांना बोलताबोलताच कळलं, की उतारूंना सांगितलेलं सपाट खोटं होतं आणि बायकोला सांगितलेला चढ अगदी खरा होता. आयुष्यात तिच्याशी एवढं एकच खरं बोललो, तेही चुकून.

"पण का?"

"तिथे गेल्यावर तिने विचारलं असतं, आता डावीकडे की उजवीकडे? आणि मी उभा राहिलो असतो." आजोबांनी जकातघराची चिठ्ठी उचलली, कोपरा दुमडला, परत सरळ केला. "रिटायर झालो त्या वर्षी शेवटचे पास आले. तिने न विचारता कॅनव्हासचे बूट आणले. पांढरे. पायऱ्यांवर बरे पडतात म्हणाली. मी आठ दिवस आधी कंबर धरून बसलो."

"खोटंच?"

"खोटंच."

"ते बूट मला आठवतात," नात म्हणाली. "आजी होती तेव्हा दूध आणायला जाताना तेच घालायची."

"हो," आजोबा म्हणाले. "टाचा गेल्या होत्या."

बाहेरच्या खोलीत मुलगा फोनवर कोणाला तरी सांगत होता की नाही, नाही, हॉटेलवाल्यांची टूर नकोच, आमचे पिताश्री आहेत ना. आजोबांनी मान खाली घातली.

"त्याला मी सांगतो," ते म्हणाले. "आज जेवताना."

"पोळी वाढून झाल्यावर सांगा," वकीलबाईने सल्ला दिला. "नाहीतर आई वाढायची थांबेल."

मग तिने कात्री घेतली आणि नवीन चिठ्ठी कापली. जीभ गालात घालून मोठ्या अक्षरांत लिहिलं, चिठ्ठी पावणेअकराच्या जागी ठेवली आणि आजोबांना वाचता यावी म्हणून त्यांच्याकडे फिरवली.

'सिंहाची माफी. फक्त आजोबा. १० मिनिटं.'

"हात लावायचा नाही हं," ती म्हणाली. "कठड्याच्या बाहेरून मागायची. रांग असली तरी उभं राहायचं."

"राहीन."

तिने आणखी एक चिठ्ठी कापली. त्यावर 'आजी' एवढंच लिहिलं आणि थांबली. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं. दिवस सकाळी नवापासून संध्याकाळी सातपर्यंत गच्च भरलेला होता. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिलं, कुठे फट दिसते का.

"सिंहाला दहा मिनिटं पुरतील," ती म्हणाली. "आजीला किती ठेवू?"

आजोबांनी घड्याळाचा मनोरा उचलला आणि चिठ्ठ्यांच्या डब्यात टाकला. जकातघर उचललं. दोरखंडवाल्यांची गल्ली, किल्ला, किल्ल्यावरची तोफ. दोन्ही आइस्क्रीमं उचलताना त्यांनी नातीकडे पाहिलं. तिने डबा पुढे सरकवला. टेबलाचं लाकूड दिसू लागलं. दुपारी एकच्या चिठ्ठीपाशी त्यांचा हात पोचला, तेव्हा तिने त्यावर आपला तळवा ठेवला.

"जेवण राहू द्या," ती म्हणाली. "आजी उपाशी फिरू द्यायची नाही कुणाला."

आजोबांनी जेवण राहू दिलं.