मय्यतीचा पडदा

बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी खालाला पाहिलेलं नसतं. एकतीस वर्षं ती मोहल्ल्यातल्या बायकांच्या मय्यतींना गुस्ल देत होती, म्हणजे दफनाआधीची शेवटची आंघोळ घालत होती. या एकतीस वर्षांत आत जे दिसलं त्याबद्दल तिनं बाहेर कधी ब्र काढला नव्हता. कुणाच्या पाठीवर कोड होतं, कुठल्या म्हातारीला लेकांनी इतकं पडू दिलं की पाठीची चाळण झाली होती, कुठल्या नाकानं वांगी सोलणाऱ्या बाईच्या रेशमी कपड्यांखाली चिंध्या होत्या, सगळं खालाच्या पोटात.

हे काम तिला सासूनं शिकवलं होतं. पाणी कोमट असावं, उजवी बाजू आधी धुवावी, बेंबीपासून गुडघ्यापर्यंतची चादर जरासुद्धा सरकू देऊ नये, आणि जे दिसेल ते तिथंच सोडून यावं. "मय्यतीचा पडदा तू राख, तुझा पडदा अल्लाह राखेल," असं सासू म्हणायची. खालानं बाकीचं जसंच्या तसं उचललं, आणि हे शेवटचं तर जरा जास्तच.

खोटं कशाला बोला, तिला आपल्या मिटलेल्या तोंडाचा गर्व होता. ऐन तिशीत नवरा गेला, शिक्षण नाही, पाठीशी माहेर नाही. पण लग्नघरात तिला आग्रहानं पुढे बसवत, मोठमोठ्या घरच्या बायका तिला पाहून उठून उभ्या राहत. त्यात प्रेम किती आणि धाक किती, हे तिनं कधी तपासलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मोहल्ल्यातल्या निम्म्या मुठी खालाच्या हातात झाकलेल्या होत्या.

त्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर वखारवाल्यांकडून बोलावणं आलं. सून गेली होती. जिन्यावरून पडली, जागच्या जागी गेली, असं निरोप आणणारी बाई म्हणाली. जनाजा असरच्या, म्हणजे संध्याकाळआधीच्या, नमाजला न्यायचा होता, म्हणजे हातात जेमतेम दोन तास होते.

खालानं पिशवी काढली. कापूर, साबण, कापसाचा गुंडाळा, हाताला बांधायचे फडके. कफनाचं कापड मोजताना तिचा हात थांबला.

"अम्मी, काय झालं?" तिच्या सुनेनं विचारलं. सून सरकारी दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांपासून सुट्टी असली की ती सासूबरोबर या कामाला यायची.

"काही नाही. चल," खाला म्हणाली.

काही नाही कसं? पाच वर्षांपूर्वी त्याच घरात, वखारवाल्याच्या त्याच मुलाच्या पहिल्या बायकोला खालानंच गुस्ल दिला होता. तापानं गेली, असं तेव्हा सांगितलं होतं. तापानं दंडावर बोटं उमटत नाहीत, आणि बरगडीखाली वळही उठत नाही. खालानं ते पाहिलं, वरून पाणी ओतलं, कफन बांधलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "सगळं नीट झालं." मशिदीतले सगळे नळ वखारवाल्यांनी बसवून दिले होते. त्यांचा मुलगा रस्त्यात भेटला की मान खाली घालून सलाम करायचा. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? पण खालानं स्वतःला तसं सांगितलं नाही. तिनं स्वतःला सांगितलं की मय्यतीचा पडदा राखणं माझं काम आहे.

इथवर असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण वर्षभरानं काजवाली तिच्या दारात आली.

काजवाली म्हणजे कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करणारी बाई. नवरा टाकून गेलेला. एकुलत्या एका मुलीला तिनं डोळे फोडून कॉलेजपर्यंत शिकवलं होतं. त्या मुलीला वखारवाल्यांकडून मागणी आली होती. बिजवराची का होईना, पण मोठ्या घरची.

"खाला, तुम्ही घराघरांत जाता," काजवाली पदराशी चाळा करत म्हणाली होती. "तुम्हाला माणसं माहीत. ते घर कसं आहे? मुलगी पुढे शिकायचं म्हणते. मी हो म्हणू की नको?"

खालानं तांदळाचं सूप जवळ ओढलं होतं. मग म्हणाली, "मोठ्यांचं घर आहे. मी काय सांगणार?"

काजवालीचा चेहरा उजळला होता. "तुम्ही वाईट सांगितलं नाहीत, म्हणजे चांगलंच म्हणायचं!"

तिला हाक मारून परत बोलवायला दार ते गल्लीचा कोपरा एवढं अंतर होतं. खालानं हाक मारली नाही.

वखारवाल्यांच्या घरी अंगण पुरुषांनी भरलं होतं. आत मागच्या न्हाणीघरात फळी मांडून ठेवली होती, दोन पातेली पाणी तापवलेलं होतं. दाराशी काजवाली उकिडवी बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"खाला, मी आत येते," ती म्हणाली. "लहानपणी मीच न्हाऊ घालायची तिला. आजही मीच घालते. तुम्ही फक्त सांगा कसं करायचं."

तिचा तो हक्कच होता. आईनं लेकीला गुस्ल द्यावा, यासारखं चांगलं काही नाही. कित्येक आयांचे हात हातात धरून खालानं ते करवून घेतलं होतं. पण आज ती म्हणाली, "तुला बघवायचं नाही गं. बाहेर बस, दुआ कर."

"बघवेल मला."

"ऐक माझं."

काजवालीनं ऐकलं. खालाचं कोण ऐकत नसे? दार लावताना खालाला स्वतःचीच लाज वाटली. ही दया आईवरची नव्हती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सुनेनं चादर धरली, खालानं चादरीखालचे कपडे कात्रीनं कापून काढले. मग दोघी थांबल्या.

गळ्यावर दोन्ही बाजूंनी निळे ठसे होते, अंगठे कुठे टेकले ते दाखवता येईल इतके स्पष्ट. दंडावर हिरवट, मांडीच्या बाजूला पिवळे पडलेले. जिन्यावरून पडलेल्याला डाग पडतात, पण ते एका दिवसाचे असतात. हे वेगवेगळ्या दिवसांचे होते, एकावर एक.

खालानं तांब्या पाण्यात बुडवला.

"अम्मी, पाणी नका घालू," सून हळूच म्हणाली.

"उशीर होतोय. असरला न्यायचीय."

"पाणी नका घालू म्हणते ना! दवाखान्यात रोज बघते मी. ही पडलेली नाही."

"मला दिसत नाही का?" खाला एकदम कडाडली, आणि लगेच दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "दिसतंय. पण आपलं काम आंघोळ घालायचं. आत दिसलं ते आत. मय्यतीचा पडदा..."

"मय्यतीचा ना? मग तो राखू. हिची काय चूक झाकायचीय आपल्याला? मार खाल्ला, ही चूक?" सुनेनं मय्यतीच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही झाकताय ते त्याचं आहे. तो तर जिवंत आहे, बाहेर बसून फातिहा वाचतोय."

"आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरच्यांना आयतं बोलायला मिळेल. बघा यांच्यात बायकांचं काय करतात, म्हणतील."

"म्हणू देत. आपण बोललो नाही म्हणून ते बोलायचे थांबलेत का?"

खालानं तांब्या पातेल्यात सोडून दिला. या पोरीला अजून पहिल्या सुनेचं माहीत नव्हतं, म्हणून ती इतक्यावरच थांबली होती.

सुनेनं मय्यतीवर गळ्यापर्यंत चादर ओढली आणि पोलिसांना फोन लावला. खाला फळीच्या कडेला टेकली.

पोलीस आले तेव्हा अंगणात आधी कुजबुज झाली, मग गलका. साहेब वयानं लहान होता. एवढी मोठी माणसं समोर पाहून तो बिचकला असावा, कारण फोन कुणी केला हे त्यानं जवळजवळ माफी मागितल्यासारखं विचारलं. सून पुढे झाली आणि जे पाहिलं ते तिनं सांगितलं.

वखारवाल्यांनी आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत. "पोरगी नवीन आहे," ते साहेबांना म्हणाले. "चार बुकं शिकलं की सगळीकडे खून दिसतात. मुलीची आई इथं आहे, तिलाच विचारा. तिची तक्रार आहे का?"

काजवालीला धरून उठवावं लागलं. तिनं सगळ्यांकडे पाहिलं. तिला काही कळत नव्हतं. "मी बघितलं नाही साहेब," ती म्हणाली. "मला आत नाही घेतलं. पण खाला आत होत्या. लग्नाच्या आधी मी त्यांनाच विचारून हो म्हटलं होतं. आताही त्या सांगतील ते मला मान्य."

साऱ्या माना खालाकडे वळल्या.

"घ्या, लाख बोललीस," वखारवाले म्हणाले. "खाला, या घरात तुम्ही काही पहिल्यांदा आलेल्या नाहीत. पहिल्या सुनेलाही तुम्हीच गुस्ल दिला होता. तेव्हा काही दिसलं होतं? तेव्हा काही नव्हतं तर आज कुठून आलं? सांगा सगळ्यांसमोर."

माणूस धंद्यात मुरलेला होता. त्यानं डाव बरोबर टाकला होता. काही नव्हतं म्हटलं की आजचा जिनाही खरा ठरत होता, जनाजा असरला जात होता, खालाची मूठ सव्वा लाखाची राहत होती. आणि होतं म्हटलं तर? खालानं काजवालीकडे पाहिलं. ती बिचारी मान हलवून तिला धीर देत होती, बोला, घाबरू नका, अशी.

"होतं," खाला म्हणाली.

"काय?"

"पहिलीच्या अंगावरही होतं. दंडावर बोटं होती. बरगडीखाली वळ होते. ती तापानं गेली नव्हती. आज हिच्या गळ्यावर दोन्ही अंगठे आहेत." एकदा फुटल्यावर बांध थांबेना. "मी पाहिलं होतं. मी बोलले नाही."

वखारवाल्याचा मुलगा उठून दरवाज्याकडे निघाला. दोन शिपायांनी त्याला अडवलं. गर्दीत कुणीतरी ओरडलं, गुस्लवालीनं पडदा फोडला, असली बाई घरात कोण घेईल! मशिदीचे मौलाना कोपऱ्यात उभे होते. तिशीतले, अबोल. ते पुढे आले आणि त्या माणसाला गप्प बस म्हणाले.

"खाला, झाकायचा असतो तो मेलेल्याचा दोष," ते म्हणाले. "मारणाऱ्याचा नाही. आणि लग्नासाठी कुणी विचारायला आलं तर खरं सांगणं फर्ज आहे. एकदा विचारायचं तरी होतं मला."

खालानं मान खाली घातली. मशीद तिच्या घरापासून चार दारं सोडून होती. पाच वर्षांत तिला ते विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल याची मनातून भीती होती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

काजवाली ओरडली नाही. तिनं छाती पिटली नाही, खालाला शिव्या दिल्या नाहीत. ती साहेबांजवळ गेली आणि म्हणाली, "तक्रार लिहा. अंगठा नको, सही येते मला. मुलीनं शिकवलीय."

पंचनामा होईपर्यंत असरची नमाज होऊन गेली. माणसं पांगली. काही वखारवाल्यांजवळ जाऊन बसली, काही नजर चुकवून घरी गेली. मय्यत चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली. काजवाली गाडीपाशी उभी होती. खाला धीर करून तिच्या जवळ गेली. माफी हा शब्द तिला स्वतःलाच फार हलका वाटला.

काजवालीच आधी बोलली. "कापाकापी करतील ना तिची तिथं?"

"हो."

"मग परत आणल्यावर गुस्ल द्यावा लागेल."

"द्यावा लागेल. मी सगळं..."

"तुम्ही नाही," काजवाली म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, कारखान्यात दोरा संपला सांगावं इतका. "तुम्ही तिला हात लावायचा नाही, खाला. आणि उद्या मी मेले तर मलाही नाही."

मग ती खालाच्या सुनेकडे वळली. "तू येशील? मला शिकव कसं करायचं. मी घालते तिला."

सुनेनं सासूकडे पाहिलं. ती पाच वर्षांपूर्वीचं आज पहिल्यांदा ऐकत होती, आणि तिच्या नजरेत राग होता की कीव, ते खालाला कळलं नाही. मग तिनं खालाच्या हातातून कापराची पिशवी काढून घेतली आणि गाडीत चढली.