तिच्या नावाचा मासा

संग्रहालयाच्या मत्स्यविभागात तिला सगळे कवचबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतले चिलखती मासे, अंगभर हाडांच्या पट्ट्या असलेले, तोंडाने दगडाला घट्ट चिकटून बसणारे. त्यांतला कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत आणि कोण उगाच नातं सांगतोय, हे लावण्यात तिचा जन्म गेला. तिच्या स्वतःच्या नात्यांत एक भाऊ आणि एक वहिनी. वहिनी अधूनमधून फोन करायची आणि हसत विचारायची, "काय गं, तुझा मासा काय म्हणतो?"

कारण त्यातल्या एका माशाला खरोखरच तिचं नाव होतं. आता या मासे अभ्यासणाऱ्या लोकांत स्वतःच शोधलेल्या माशाला स्वतःचं नाव देणं अगदी निर्लज्जपणाचं समजतात. ते दुसऱ्याने द्यावं लागतं. तिला ते विभागप्रमुख असलेल्या सरांनी दिलं, ती नुकतीच त्यांच्या हाताखाली आली होती तेव्हा. का दिलं, हे विचारायची तिची छाती झाली नाही. निबंधात सरांनी एवढंच लिहिलं होतं की या विद्यार्थिनीने पट्ट्या मोजायला मदत केली. पट्ट्या मोजायला तर शिपायानेही मदत केली होती, पण त्याच्या नावाचा मासा काही निघाला नाही.

लोक म्हणत, सरांचं लग्न माशांशी लागलंय. तिच्याबद्दलही तेच म्हणत. घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही, दोन माणसांचा स्वयंपाक कसा करतात हे ती विसरून गेली होती. पण जगाच्या पाठीवर कुठल्यातरी नदीच्या तळाशी आपलं नाव पोहतंय, एवढ्या आधारावर ती रोज संध्याकाळी त्या घराचं कुलूप उघडायची. आणि आता नेमकं तेच जायची वेळ आली होती.

झालं असं, की चिलखती माशांची वंशावळ नव्याने लावायचं काम तिच्याकडे आलं. जनुकांच्या तपासणीत तिचा मासा आणि फार पूर्वीपासून माहीत असलेला, गालावर राठ केस असलेला एक मासा, दोघे हुबेहूब एक निघाले. तिला वाटलं, कुणीतरी नळ्यांची अदलाबदल केली. तिने पुन्हा नमुने पाठवले. पुन्हा तेच उत्तर आलं.

मग तिने दोन्ही माशांच्या बरण्या फडताळातून खाली काढल्या. सरांच्या मूळ नमुन्यांना सुरी लावायची नाही, हा विभागाचा जुना दंडक, सरांनीच घातलेला. तिनेही सुरी लावली नाही, मासे स्कॅनच्या यंत्रात ठेवले. तिच्या नावाच्या प्रत्येक माशाच्या पोटात अंडी होती. दुसऱ्या बरणीत झाडून सगळे नर, विणीच्या दिवसांत गालावर केस फुटलेले. एका बरणीत सगळ्या बायका, दुसरीत सगळे बाप्ये, आणि इतकी वर्षं शहाण्यासुरत्या माणसांनी नवरा-बायकोला दोन वेगळ्या जातींत बसवून ठेवलं होतं.

नियम सरळ आहे. एकाच माशाला दोन नावं पडली, तर आधीचं राहतं आणि नंतरचं रद्द होतं. तिचं नंतरचं होतं.

गप्प बसावं, असं तिच्या मनात आलं. आलंच, खोटं कशाला बोला. पण सगळी वंशावळ खरी लावायची आणि एकच फांदी खोटी ठेवायची, हे तिच्याने होईना. आधी सरांना सांगायला हवं होतं, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती होती.

सर आता वृद्धाश्रमातल्या एका खोलीत राहत. दर रविवारी ती जायची आणि दोघं माशांबद्दल बोलत. त्या रविवारी सर खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर चादर घेऊन. वाटेत जुळवलेली प्रस्तावना तिने ऐन वेळी सोडूनच दिली.

"सर, माझा मासा वेगळा नाहीच. तो दुसऱ्या एका माशाची मादी आहे."

"गालावर केस असलेल्याची," सर म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? नाव छापून आलं आणि पुढच्याच हंगामात मी एक मासा गुपचूप फाडून पाहिला. त्यानंतर तो दंडक घातला, दुसऱ्या कुणी फाडू नये म्हणून."

एक पट्टी मोजायची चुकली म्हणून भल्याभल्यांची भर सभेत सालटी काढणारा माणूस हा.

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"तुझं नाव गेलं असतं."

"गेलं असतं तर गेलं असतं. दुसऱ्या माशाला द्यायचं होतंत."

सरांनी चादर उगाच सारखी केली. "पुन्हा दिलं असतं, तर लोकांच्या लक्षात आलं असतं."

काय लक्षात आलं असतं, हे विचारायला ती काही आता कुक्कुलं बाळ नव्हती. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"लोकांचं कसलं घेऊन बसलात, सर? माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला विचारायचं होतंत. तोंडाने, चार माणसं विचारतात तसं."

"तू हसली असतीस."

"हसले असते," ती म्हणाली. "आणि मग हो म्हणाले असते."

बाहेरून कुणीतरी चहाची गाडी ढकलत गेलं. मग सरांनी विचारलं, "आता काय करणार?"

"छापणार."

"छाप. बरोबर आहे ते."

निबंध छापून आला. तिने आपल्या हातानेच आपलं नाव रद्द झालेल्या नावांमध्ये, बारीक अक्षरांत घातलं.

पुढच्या रविवारीही ती सरांकडे गेली. पण माशांचा विषय काढायचा आता दोघांनाही धीर होईना, आणि माशांखेरीज दुसरं काही बोलायची त्यांना सवयच नव्हती. ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. सर खिडकीबाहेर बघत राहिले, तीही बघत राहिली. जे बोलायचं होतं, ते तिचे केस काळे होते तेव्हा बोलायचं होतं. दिवस कलायला लागला तशी ती उठली आणि "येते" म्हणाली.