गव्हर्नरीण भाजायची नाही

मेल्चोरा मावशीच्या स्वयंपाकघरात चुलीला लागून कच्च्या विटांचा एक कप्पा आहे आणि त्यात तिच्या गिनीपिगच्या माद्या राहतात. आम्ही त्यांना कुई म्हणतो, कारण दिवसभर त्या स्वतःही तेच म्हणत असतात. गेल्या वर्षी मावशीने त्यांना खोऱ्यातल्या प्रदर्शनात उतरवलं. तिथे गटाचं बक्षीस हवं असेल तर सगळ्या माद्या परीक्षकांच्या अनोळखी कप्प्यात एकत्र सोडाव्या लागतात. रक्त निघालं की गट बाद. मावशीच्या माद्यांनी परीक्षक नीट वाकून बघायच्या आत एकीचा कान फाडला.

"कोमाद्रे," फोर्तुनाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरी अगदी तुमच्यावर गेल्यात हो."

फोर्तुनाता मावशीच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. बक्षीस दर वर्षी तिच्याच घरी जातं. मावशी तिथून तडक घरी आली. दारात आल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी पहिला नंबर. नाहीतर हा कप्पा मोडून तिथे लाकडं रचते."

मी कुस्कोच्या विद्यापीठातून पशुशास्त्राची पदवी घेऊन परत आले तेव्हा ही धमकी अजून ताजी होती. मावशी मला इंजिनीयरबाई म्हणते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तिच्या भुवयांवरून ओळखायचं असतं; वर चढल्या की टोमणा.

सुरुवातीला मी भांडणाऱ्या दोघींना वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवलं. परत सोडल्यावर त्या जास्तच जोरात भिडल्या.

"शाळेत हेच शिकवलं का?" मावशीने विचारलं.

मग मी नुसती बघत बसले. कुईच्या माद्यांचं भांडण ठरलेल्या पायऱ्यांनी चढतं. आधी दोघी समोरासमोर येऊन मान उंच करतात. मग दात वाजवतात, टकटक असा कोरडा आवाज येतो. बहुतेक वेळा इथेच एक जण मान खाली घालते, बारीक चिरकते आणि विषय संपतो. कुणीच मान खाली घातली नाही तरच कानाला चावा बसतो. म्हणजे दात वाजले म्हणून धावत जाऊन सोडवायचं नाही. त्यांना ठरवू द्यायचं, रक्त दिसलं तरच हात घालायचा. लसूणघास एका ढिगात टाकणं मी बंद केलं आणि कप्पाभर पसरायला लागले. विटांची छोटी घरं केली, प्रत्येकाला दोन दारं ठेवली, म्हणजे हरलेलीला मागून निसटता येईल.

त्यातून एक मादी वर आली. अर्धं तोंड तपकिरी, अर्धं पांढरं, अंगाने सगळ्यांत भरलेली. ती पुढे आली की बाकीच्या वाट देत. मावशीने तिचं नाव गव्हर्नरीण ठेवलं. कप्प्यात शांतता आली, कान भरून आले, पिल्लंही तगू लागली.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी मावशीच्या नातवाचं जावळ होतं. पहिली बट कापायला डॉन तिबुर्सिओ येणार होते, मुलाचे पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता. पाद्रिनोच्या ताटात घरातली सगळ्यांत मोठी कुई अख्खी भाजून ठेवायची असते, तोंडात लाल मिरची धरलेली. सकाळी मावशी बाह्या सरसावून कप्प्यापाशी आली आणि तिने सरळ गव्हर्नरिणीला उचललं.

"मावशी, थांब. गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या आधी घरात काय होतं गं?"

"नवं छप्पर घातलं होतं. तेव्हाही डॉन तिबुर्सिओच पाद्रिनो म्हणून आले होते जेवायला."

"त्यांना काय वाढलंस?"

"सगळ्यांत मोठी मादी. काळी होती, तू सुट्टीत पाहिली असशील, सगळ्यांना दाबून ठेवायची ती..." मावशी मध्येच थांबली. गव्हर्नरीण तिच्या हातात पाय झाडत होती.

"सगळ्यांत मोठी तीच असते जी आधी खाते," मी म्हटलं. "आधी तीच खाते जिचं चालतं. आपण दर सणाला तिलाच उचलतो. मग उरलेल्या नव्याने ठरवायला लागतात, कान फाडून."

"अगं, पण पाद्रिनोला मागच्या कप्प्यातला नर वाढू? ते काय म्हणतील?"

"ते तुझं तू बघ. पण ही चुलीवर गेली तर शनिवारी फोर्तुनाता काय म्हणेल ते मला माहीत आहे."

मावशीने गव्हर्नरिणीला हातावर तोलून पाहिलं. मग तिला कप्प्यात सोडलं आणि मला म्हणाली, "चल, मागचा तांबडा नर पकड. मोठा बघून."

जेवायला बसल्यावर डॉन तिबुर्सिओंनी ताटाकडे पाहिलं. मग चुलीशेजारी लसूणघास चावणाऱ्या गव्हर्नरिणीकडे पाहिलं. ती उघडच मोठी होती.

"कोमाद्रे, माझ्याकडून काही चुकलं का?"

"चुकलं ना पाद्रिनो. दर सणाला तुम्ही माझ्या घरातलं सरकार खाताय," मावशी म्हणाली. "तुम्ही जेवून जाता आणि इथे दंगल होते. या वेळी सरकार टिकवायचंय मला."

डॉन तिबुर्सिओंनी मिरची बाजूला काढली, एक तंगडी मोडली आणि चावून पाहिली. "विरोधी पक्षसुद्धा चवीला बरा आहे," ते म्हणाले. चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पेला रिकामा करून त्यांनी शनिवारी प्रदर्शनाला यायचं कबूल केलं.

प्रदर्शनात आधी फोर्तुनाताची पाळी होती. तिने चाऱ्याची जुडी कप्प्याच्या मधोमध ठेवली. तिच्या माद्या ढिगावर तुटून पडल्या, ढकलाढकली झाली आणि एकीच्या कानावर लाल ठिपका उमटला. परीक्षकाने बाद म्हणून मान हलवली. फोर्तुनाताने आपल्या माद्या टोपलीत भरल्या.

मग मावशीने आमच्या माद्या सोडल्या. नव्या जागेच्या वासाने सगळ्या कोपऱ्यात चिकटल्या. दात वाजले. मावशीने जुडी मोकळी केली आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा चारा चारही बाजूंना उधळला. गव्हर्नरीण कोपऱ्यातून निघाली, मान उंच करून मधोमध आली आणि घुमल्यासारखा आवाज करत एकेकीसमोर थांबली. एकेकीने मान खाली घातली. शेवटची चिरकली. मग सगळ्या आपापल्या काडीला लागल्या, जणू आमच्या चुलीशेजारीच बसल्या होत्या.

परीक्षकाने एकेकीला उचलून कान उलटसुलट पाहिले. सगळे अख्खे होते.

मावशीचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळी डॉन तिबुर्सिओंनी वाजवली. "हे बक्षीस मी मिळवलंय," ते शेजारच्यांना सांगत होते, "न खाऊन."

फोर्तुनाता जवळ आली. "कोमाद्रे, चारा असा का उधळलात?"

"कोमाद्रे, माझ्या पोरी माझ्यावर गेल्यात," मावशी म्हणाली. "वाटून खातात." मग आवाज उतरवून, "सोमवारी घरी या. आमची इंजिनीयरबाई दाखवेल." या वेळी भुवया जागच्या जागी होत्या.

बक्षीस म्हणून मोठ्या जातीचा एक नर मिळाला होता. मावशीने त्याला पाठीवरच्या रंगीत कापडात बांधून मिरवत घरी आणलं आणि कप्प्यात सोडलं. तो ऐटीत घुमत पुढे निघाला. गव्हर्नरिणीने दात वाजवले आणि त्याला दोन दारांच्या घरात पिटाळलं. तो मागच्या दाराने निसटला.

"दारं कामाला आली," मावशी म्हणाली आणि चुलीवर बटाटे चढवायला वळली.