दगड निजवायची खूण

चौथं प्रकरण वाचून झालं तेव्हा मिस्त्रीने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तीच पानं पुन्हा उघडली. आपल्याच वाचण्यात चूक झाली असावी, अशी त्याची फार इच्छा होती.

जन्मभर त्याने दगड घडवले. अक्षरं हाती आली ती बासष्टाव्या वर्षी, आणि तीही लेकीने आणून दिली. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर पाटी घेऊन बसली होती. आता तिचाच प्रबंध तो ओळीखाली बोट धरून वाचत होता. एकोणीस दिवसांत चार प्रकरणं झाली होती. "एवढ्या दिवसांत गोगलगाय गाव ओलांडून गेली असती," असं बायको दर दोन दिवसांनी म्हणायची.

प्रबंध होता शहरातल्या जुन्या बाजाराच्या भिंतीवर. भिंत सातशे वर्षांची. त्या काळी दूरदूरचे व्यापारी इथे कसे येत, चार धर्मांची माणसं एका छपराखाली माल कशी मांडत, भांडणं कोण मिटवत, हे सगळं लेकीने आठ वर्षं जुने कागद चाळून शोधून काढलं होतं. ते वाचताना मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पण चौथं प्रकरण होतं दगडांवरच्या खुणांचं. प्रत्येक दगडावर एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर छोटी आडवी रेघ. ही कारागिरांच्या एका पंथाची खूण, असं लेकीने लिहिलं होतं. एक्केचाळीस दगडांवर मात्र हीच खूण आडवी पडलेली आहे. काम करता करता जे दगावले, त्यांच्यासाठी सोबत्यांनी केलेला तो शोक. साऱ्या प्रबंधाचा कळस तोच होता.

खूण मिस्त्रीच्या ओळखीची होती. त्याच्या थोरल्या काकाने ती त्याला बाराव्या वर्षी शिकवली होती. थरांचा दगड खाणीत जसा निजलेला असतो, तसाच भिंतीत निजवायचा. घडवून चौकोनी झाला की वरची बाजू कुठली ते चटकन कळत नाही, म्हणून खाणीतच खूण करून ठेवायची: डोकं इकडे. खूण आडवी, म्हणजे कोणीतरी दगड कुशीवर उभा करून बसवला. त्यात शोक कसला? हयगय होती ती.

लेकीची तोंडी परीक्षा चार दिवसांवर आली होती.

"तिला सांगायला हवं," तो बायकोला म्हणाला.

"सांगा ना! आठ वर्षांच्या कामावर घागरभर पाणी ओता. परीक्षक काय दगड फोडायला गेलेत कधी? कोणाला कळणार आहे?"

मिस्त्रीने पानं मिटली. हेच शब्द त्याने पूर्वी एकदा ऐकले होते. दवाखान्याची दर्शनी भिंत बांधताना शेवटच्या थराला उंचीचे दगड कमी पडले, तेव्हा मुकादम म्हणाला होता, "कर उभे. कोणाला कळणार आहे?" मिस्त्रीने तीन दगड उभे केले. पंचवीस पावसाळ्यांनंतर त्यांना तडे गेले. तेव्हापासून दवाखान्यात जायचं झालं की तो मागच्या दाराने जायचा. बायकोला वाटायचं, गुडघ्यांमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लेकीला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा, हे तुमच्या काकांच्या काळातलं झालं. सातशे वर्षांपूर्वीही तसंच होतं कशावरून?"

"ते मला नाही सांगता येणार. भिंतीलाच विचारू या."

दुपारी दोघं जुन्या बाजारात गेली. लेकीच्या हातात खुणांची वही होती. मिस्त्री म्हणाला, "दगड निजलेला असेल तर त्याचे थर आडवे असतात, एकावर एक रचलेल्या पुस्तकांसारखे. उभा केला तर ते कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे राहतात, मधून पाणी शिरतं, आणि दगड उभा चिरत जातो. मी डोळे मिटतो. तू माझा हात दगडावर ठेव, खुणेपासून लांब. थर कसे आहेत ते मी सांगेन, मग खूण कशी आहे ते तू बघ. माझं चुकलं तर तुझं खरं."

तिने हात धरला आणि पहिल्या दगडावर ठेवला. बोटं फिरली.

"उभे थर. खूण आडवी असणार."

"आहे."

पुढचा. "निजलाय. खूण सरळ."

"हो."

भिंतीकडेला बसलेला कुलपं दुरुस्त करणारा म्हणाला, "काय ताई, म्हाताऱ्याला आंधळी कोशिंबीर खेळायला आणलंत?" कोणी हसलं नाही, तेव्हा तो आपल्या कामाला लागला.

आडव्या खुणांचे तीस दगड झाले. चाळीस झाले. दर दगडागणिक लेकीचा आवाज बारीक होत गेला. "बाबा, एकदा तरी चुका ना," ती म्हणाली, आणि हसायला गेली, पण ते जमलं नाही.

कमानीजवळच्या एक्केचाळिसाव्या दगडावर मिस्त्रीचा हात थांबला. त्याने दोनदा बोटं फिरवली.

"हा निजलाय. अगदी नीट. खूण सरळ."

लेक बोलेना. त्याने डोळे उघडले. खूण आडवी होती. दगड जसा हवा तसा बसवलेला, आणि रेघ मुद्दाम आडवी कोरलेली.

लेकीचे डोळे चमकले. "बाबा! मग हा?"

मिस्त्री त्या रेघेकडे पाहत राहिला. आता एक शब्द पुरला असता. हा शोकाचाच असेल, एवढं म्हटलं असतं तर पोरगी परीक्षेला उभी राहिली असती.

"असं का केलं ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी तरी असं कधी केलं नाही, आणि कोणाला करताना पाहिलंही नाही."

ती दगडापाशी खाली बसली. डोळे पुसले, नाक ओढलं, वही उघडली. मग आपल्या मार्गदर्शक सरांना फोन केला. सर बरंच बोलले, ते मिस्त्रीलाही ऐकू आलं. "हो सर, वर्ष जाईल," ती म्हणाली. "पण चाळीस दगडांबद्दल मी चुकीचं लिहिलंय."

फोन ठेवून ती लिहू लागली. मिस्त्रीने वाकून, बोट न धरता वाचलं: चाळीस दगड, हयगय. एक दगड, कारण ठाऊक नाही.

"अजून तीन लिही," तो म्हणाला.

"कुठले?"

"दवाखान्याच्या दर्शनी भिंतीतले, वरच्या थरातले. खुणा आडव्या आहेत. मी बसवले." त्याने वहीवर बोट ठेवलं. "लिहून ठेव. पुढेमागे कोणी तिथे शोक शोधत बसायला नको."

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. तिने तारखेसकट लिहून घेतलं, आणि खाली रेघ मारली.

"चला, दाखवा," ती उठत म्हणाली.

त्या दिवशी मिस्त्री दवाखान्याच्या पुढच्या दाराशी गेला.