टॉर्टोलाची सकाळची बोट

मित्रांनो, सेंट थॉमसच्या धक्क्यामागे, डिझेलच्या पिंपांशेजारी एक जुनी फेरीबोट बांधून ठेवलेली दिसते ना, ती मी. माझ्या कठड्याच्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि टपावर पक्ष्यांनी बिनभाड्याचं बिऱ्हाड थाटलं आहे. मला मराठी कशी येते, म्हणून डोळे मोठे करू नका. अमेरिकेतल्या पिस्कॅटवेपासून शुगर लँडपर्यंतची मराठी माणसं सुट्टीत माझ्या बाकांवर बसून चिवडा खात आली आहेत. बाकांच्या फटींत गेलेले शेंगदाणे काही केल्या निघत नाहीत.

माझा जन्म लुइझियानाचा. ॲल्युमिनियमचे पत्रे जोडून मला घडवलं. तरुणपणी मी समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांची ने-आण केली. ते काम संपलं तेव्हा मला विकलं, बाक बसवले, पांढरा रंग दिला आणि इकडे धाडलं. सेंट थॉमस हे अमेरिकेचं बेट, पलीकडचं टॉर्टोला ब्रिटिशांचं. सकाळी माणसं तिकडे न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, एवढंच माझं काम. एका मोठ्या वादळानंतर मी पिण्याचं पाणी आणि म्हातारीकोतारी माणसं वाहिली, तेव्हा लोकांनी मला फुलांच्या माळा बांधल्या होत्या. कौतुक मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

एका मार्चमध्ये पिस्कॅटवेहून एक कुटुंब आलं. मूळचा नागपूरचा सत्यजित, त्याची बायको सुचित्रा आणि अमेरिकेत जन्मलेली त्यांची दहा वर्षांची अनया. सोबत शेजारच्या शैलजाकाकू, त्या केव्हाच अमेरिकेच्या नागरिक झालेल्या. पलीकडे समुद्री कासवं दिसतात म्हणून अनयाने घर डोक्यावर घेतलं होतं, असं काकू सांगत होत्या.

माझं इंजिन सुरू झालं होतं. सुचित्राने तपासणीसाठी पासपोर्ट हाताशी काढून ठेवले आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"सत्यजित, आपले व्हिसाचे स्टॅम्प एक्स्पायर झालेत!"

"अगं, पण एच-वन एक्स्टेंड झालंय ना?"

"ते अमेरिकेत राहून नोकरी करायला. बाहेर जाऊन परत आत यायला स्टॅम्प लागतो. तो इंडियात जाऊन घ्यायचा राहिलाय."

"यार, आपण बाहेर कुठे चाललोय? ते बघ, समोर दिसतंय!"

"समोर दिसलं तरी बाहेरच आहे ते."

तिकडे एकदा उतरले असते, तर संध्याकाळी त्या दोघांना मला परत आणता आलं नसतं. घर, नोकरी, मुलीची शाळा इकडे आणि आईबाप तिकडे अडकलेले. दोघं घाईघाईने खाली उतरले.

"बट माझा पासपोर्ट तर अमेरिकन आहे!" अनया रडकुंडीला आली. "आय कॅन गो!"

"मी नेते हिला," शैलजाकाकू म्हणाल्या. "संध्याकाळी सुखरूप आणून देते."

सत्यजितने संमतीच्या दोन ओळी खरडून दिल्या. सुचित्राने लेकीची टोपी उगाचच नीट केली. "काकूंचा हात सोडू नकोस," एवढंच ती म्हणाली. मग माझा दोर सुटला.

परतताना अनयाने कासवांचं नावही काढलं नाही.

"काकू, इफ आई-बाबा हॅड कम, वुड आय गो होम विदाउट देम?"

काकूंनी आधी चिवड्याची पिशवी उघडली, मग बंद केली. "हो गं. निदान काही दिवस तरी."

अनया पुढे येऊन माझा कठडा घट्ट धरून उभी राहिली. मित्रांनो, मी हजारो माणसं नेली-आणली. कोणाचं काही मनाला लावून घेत नाही, तो बोटीचा धर्म नाही. पण त्या मुलीचा मला कळवळा आला.

धक्क्यावर ते दोघं उभे होते. उन्हाने नाकं लाल झाली होती. तपासणी उरकून अनया बाहेर आली. आईने जवळ घेतलं. तिने आईच्या पर्समधून दोघांचे पासपोर्ट काढले, आपल्या सॅकमध्ये टाकले आणि चेन लावली.

"आय विल कीप दीज," ती म्हणाली. कोणीही तिला नाही म्हटलं नाही.

पुढे नवी, वेगवान बोट आली आणि मला मागे आणून बांधलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मला माळा नकोत, रंगही नाही दिलात तरी चालेल. पण इंजिनाला तेल देत जा, मित्रांनो. न्यायला काय, कोणीही नेतं. माणसं परत आणायला मात्र बोट धड असावी लागते.