चौथं पान

भाषणांनी हा देश स्वतंत्र केला, याबद्दल गावात दुमत नाही. भातकुलीजवळच्या या गावाला तर एकच भाषण पुरले. बेचाळीस साली वामनरावांचे आजोबा चावडीपुढच्या ओट्यावर उभे राहून बोलले आणि ऐकणाऱ्यांपैकी सतरा जण तुरुंगात गेले. उरलेल्यांनी टाळ्यांचे खाते सांभाळले. ते आजतागायत चोख चालू आहे. दर पंधरा ऑगस्टला त्या घरातल्या पुरुषाने तेच भाषण त्याच ओट्यावरून वाचायचे, अशी रीत पडली.

यंदा वामनरावांना आजोबांच्या वहीतले दिसेना, म्हणून त्यांची सून वर्षाली हिने भाषण मोठ्या अक्षरांत उतरवले. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. झेंड्यातली फुले तिच्याच मळ्यातली. पण झेंडा फडकवायला आलेल्या प्रमुख पाहुण्याला ओवाळताना तिने मागे भिंतीपाशी बसायचे. विधवेची सावली स्वातंत्र्याला सोसत नसावी.

उतरवताना तिला चौथे पान सापडले. ते तिने कधीच ऐकले नव्हते. ‘ज्या घरात विधवेला मंगलकार्यातून उठवतात,’ आजोबांनी लिहिले होते, ‘त्या घराने इंग्रजाला चले जाव म्हणू नये. आधी तिला पुढे बसवावे.’

पंधरा तारखेच्या सकाळी वामनरावांचा घसा बसला. त्यांच्या जागी वाचायला पुतण्या देवानंद कडक इस्त्रीत हजर झाला.

“वहिनी, आना कागद. चौथं पान ठेवा तुमच्यापाशी.”

“काहून?”

“पयलेपासून सोडतच आलो आपन. वेळ पुरत नाही.”

“पाहुना दीड तास उशिरा येते भाऊजी, त्याले बरा वेळ पुरते!”

वामनराव घोगऱ्या आवाजात कसेबसे म्हणाले, “पोरी, लोकायले भाषन पाह्यजे. भांडन नाही.”

“मामाजी, सतरा जन जेलात गेले ते का भजन आयकून?”

“मंग ते पान वाचीन कोन?” देवानंद तडकला. “बाईमानूस? तेबी...”

“म्हना ना, विधवा. चौथ्या पानावर लिवेलच हाये तो शब्द. मीच वाचतो.”

कागद घेऊन ती निघाली. ओवाळणीचे ताट धरलेल्या तानुबाईने तिचा पदर ओढला. “समोर नोको जाऊ वो माय, पाहुन्याले अपशकुन होते.”

“पाहुना तीन खेपा इलेक्शनात पडला, तानुकाकू. तवा मी कुठं समोर होतो?”

पहिल्या तीन पानांना नेहमीच्या जागी नेहमीच्या टाळ्या पडल्या. चौथ्या पानावर हात हवेतच राहिले. कुणीतरी माईकची पिन उपटली. बेचाळीस सालीही माईक नव्हता. वर्षालीने आवाज चढवला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचले. भिंतीपाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, मांडवातून सरळ चालत पुढे आल्या आणि पाहुण्याच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसल्या. पाहुणा सरकला.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत ध्वजवंदनानंतर भाषण नाही. अल्पोपाहार आहे.