दुसरी रोझमेरी

१९८३ सालची गोष्ट. वसईची रोझमेरी तुस्कानो वर्षभर बहारीनमध्ये नर्स होती. एजन्सी तिला जिथे जागा रिकामी असेल तिथे तीन-तीन महिन्यांसाठी पाठवायची. नेमणुका ठरवणारा एजन्सीचा राजन रजेवर होता, म्हणून या खेपेला बदली कारकुनाने तिला गुदैबियातल्या एका खाजगी इस्पितळात नेमणुकीचं पत्र दिलं.

तिथल्या मेट्रनने पत्र वाचलं आणि चष्मा काढला. "रोझमेरी तुस्कानो आमच्याकडे आठ महिन्यांपासून आहे. मुलांच्या वॉर्डात."

"वसईत तुस्कानो पुष्कळ आहेत, मॅडम," रोझमेरी हसत म्हणाली.

मेट्रनने फाइल उघडून पुढे सरकवली. कॉलेज तेच. रजिस्ट्रेशन नंबर तोच. जन्मतारीख, बापाचं नाव, अगदी बालरोगातले बासष्ट मार्कही तिचेच. फोटो तेवढा कुण्या परक्या बाईचा. अटेस्टेशनच्या, म्हणजे सरकारी शिक्क्यांच्या, नावाखाली एजन्सीच्या मुंबईच्या ऑफिसने रोझमेरीची सर्टिफिकेटं दोन महिने ठेवून घेतली होती, ते तिला आत्ता आठवलं.

मेट्रनने त्या बाईला बोलावलं. चाळिशीची, बारीक अंगाची. छातीवर बिल्ला: रोझमेरी तुस्कानो.

"तुम्ही कोण?" रोझमेरीने मराठीत विचारलं.

बाई पत्रावरचं नाव बघून पांढरीफटक पडली. "तुम्ही... जिवंत आहात?"

"म्हणजे?"

"मी चारुलता. परळला नर्सिंग होममध्ये अकरा वर्षं आया होते. एजंट म्हणाला, ही नर्स वारली, तिच्या कागदांचा आता कुणाला उपयोग? सिस्टर, देवाशपथ, मी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावते."

रोझमेरीच्या तोंडून निघालं, "पोरांना इंजेक्शनं कोण देतं?"

चारुलताने मान खाली घातली. "मीच. डोस दुसऱ्या सिस्टरला विचारून घेते."

"आणि ती नसली तर?"

चारुलताने छातीवरच्या बिल्ल्यावर हात ठेवला. मेट्रन दोघींकडे बघत होती. "काय म्हणतेय ती?"

रोझमेरीला चारुलताची दया आली, तरीही तिने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. चारुलताने स्वतःच बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

चौथ्या दिवशी चारुलताला मुंबईच्या विमानात बसवलं. रोझमेरीचंही काम थांबलं. मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलकडून तिच्या नावाची खात्री होईपर्यंत सात आठवडे ती खोलीवर बसून होती. रजेवरून परतलेला राजन एकदाच भेटायला आला. "सिस्टर, गप्प राहिला असतात तर दोघींचंही भागलं असतं," म्हणाला. तिने दार लावून घेतलं.

डिसेंबरात ती त्याच मुलांच्या वॉर्डात रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने आठ महिन्यांचे जुने चार्ट मागवले. पानापानावर औषधाच्या मात्रेपुढे अनोळखी अक्षरात तिचंच नाव होतं. तिने पेन्सिल घेतली आणि पहिल्या मुलाची मात्रा वजनाशी ताडून बघायला लागली.